बावीस भागांचा सातबारा

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, एका घराच्या फ्रिजवर गेले सहा महिने एक कागद चिकटवलेला आहे. दर रविवारी संध्याकाळी सात-आठ जणांनी जमायचं, तीन-तीन भाग करत स्टार ट्रेक ही अमेरिकन अंतराळ-मालिका पहिल्यापासून पाहायचं, असं ठरलं तेव्हाचा हा कागद. मूळ मालिकेचे ७९ भाग त्यावर शाईने लिहिलेत. त्याखाली पेन्सिलीने बावीस ओळी, आणि त्या बावीस ओळींवर एक तिरकी रेघ. रेघ कुणी मारली ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मारणारा कबूल होत नाही.

७९ भाग परवा संपले आणि रेघेचा विषय निघाला. त्या बावीस ओळी म्हणजे १९७३-७४ सालची कार्टून मालिका. ती घरातली धरायची की दारातली, म्हणजे खऱ्या स्टार ट्रेकमध्ये मोजायची की नाही? त्या वादामागे काय काय झालं होतं, तेवढंच इथे लिहितोय. कर्क हा एंटरप्राइझ या अंतराळजहाजाचा कप्तान आणि टोकदार कानांचा, परग्रहावरच्या व्हल्कन जातीचा स्पॉक त्याचा सहकारी, एवढं माहीत असलं की पुरे. बाकी सोडून देतो.

मूळ मालिका १९६६ ते १९६९ चालली आणि प्रेक्षक कमी म्हणून बंद झाली. खरी लोकप्रियता नंतरच्या पुनःप्रक्षेपणातून आली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी जी दिसायची ती हीच. लोकांना ती परत हवी होती, पण माणसं आणि सेट उभे करायला पैसा लागतो, चित्रांना तेवढा लागत नाही. ८ सप्टेंबर १९७३ला अमेरिकेत शनिवारी सकाळी, पोरांच्या कार्टूनच्या वेळेत, अर्ध्या तासाची चित्रमालिका सुरू झाली. पहिल्या हंगामात सोळा भाग, दुसऱ्यात सहा. ऑक्टोबर १९७४मध्ये ती आटोपली.

हे काम कुणी परक्याने केलेलं नाही, हे रेघ मारणारे विसरतात. आवाज मूळ नटांचेच होते. खर्च वाचवायला जहाजावरच्या उहुरा आणि सुलू या दोन अधिकाऱ्यांचे आवाज दुसऱ्यांकडून करून घ्यायचा बेत होता, तेव्हा स्पॉक झालेला नट अडून बसला की ती दोघं नसतील तर मीही नाही. चेकॉव्ह हा तिसरा अधिकारी मात्र पैशांअभावी गळाला. त्या नटाला एक भाग लिहायला दिला, ही त्याची भरपाई म्हणायची. संहितांची जबाबदारी मूळ मालिकेतल्याच कथा-संपादिकेकडे होती. त्यातच त्या वर्षी पटकथालेखकांचा संप झाला. संपाची बंधनं कार्टूनला लागू नव्हती, त्यामुळे एरवी शनिवार सकाळकडे ढुंकूनही न पाहणारे चांगले लेखक इकडे वळले. आणि सगळ्यांवर शेवटचा शब्द होता मूळ मालिकेच्या जनकाचा. करारातच तसं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गरिबी मात्र डोळ्यांत भरते. तीच तीच चित्रं परत वापरलेली. पात्रं बोलताना फक्त ओठ हलतात, भुवई उचलली तर सोहळा. अंतराळपोशाख काढत बसायला नको म्हणून कमरेला एक पट्टा दिला, बटण दाबलं की अंगाभोवती पिवळसर झळाळी. रंगखात्यात कुणाचा तरी गुलाबीवर फार जीव होता. ट्रिबल नावाचे केसाळ गोळ्यासारखे प्राणी गुलाबी, क्रूर मांजरमाणसांचे कपडेही गुलाबी. आमच्या रेघवाल्याचा पहिला आक्षेप हाच: "गुलाबी कपड्यातल्या शत्रूला कोण घाबरेल?"

यावर माझं उत्तर एका भागापुरतं आहे. १५ सप्टेंबर १९७३चा, ‘येस्टरइयर’ नावाचा. स्पॉक एका मोहिमेवरून परततो आणि जहाजावर त्याला कुणी ओळखत नाही. कळतं ते असं, की तो सात वर्षांचा असताना वाळवंटातल्या परीक्षेत मेला होता. मग तो काळात मागे जातो, लांबचा भाऊ म्हणून स्वतःच्याच घरी उतरतो. (गावाचं नाव ‘शिकार’. आमच्याकडे पहिल्यांदा ऐकल्यावर पाच मिनिटं कुणी गंभीर राहू शकलं नाही.) पोरगा रात्री गुपचूप वाळवंटात निघतो, मागून त्याचं म्हातारं पाळीव जनावर, अस्वलासारखं, एक सुळा तुटलेलं, रेंगाळत जातं. एक श्वापद झेपावतं. जनावर मध्ये पडतं आणि त्याला विष चढतं. पोरगा धावत जाऊन वैद्याला आणतो. वैद्य गुडघे टेकून बघतो आणि सांगतो की उशीर झाला. औषध देऊन जगवता येईल, पण वेदनेत. नाहीतर शांतपणे सोडता येईल. काय करायचं ते पोराने ठरवायचं. पोरगा सोडायला सांगतो. शनिवारी सकाळी, दुधात कॉर्नफ्लेक्स घेऊन बसलेल्या मुलांसमोर हे दाखवलं. वाहिनीला धास्ती वाटली होती, तरी शेवट बदलला नाही. त्या प्रसंगात कपडे कुठल्या रंगाचे होते ते मला आठवत नाही.

मूळ ७९ भागांना एमीची, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्कारांची, नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. स्टार ट्रेकच्या घरात पहिली एमी आणली ती या कार्टूनने, १९७५मध्ये, मुलांच्या मालिकांच्या गटात.

मग ती वाळीत पडली कशी?

१९८७मध्ये नवी मालिका सुरू झाली, नवं जहाज आणि नवा कप्तान घेऊन. कादंबऱ्या आणि कॉमिक्स पूर्वीपासून निघत होतीच, त्यांचे परवाने नव्याने करायची वेळ आली. त्याच सुमारास कार्टून बनवणारी कंपनी विकली गेली आणि १९८९च्या सुरुवातीला तिला टाळं लागलं. या धांदलीत मूळ जनकाच्या कार्यालयातून परवानाधारकांना सूचना गेली: कार्टूनमधलं काही अधिकृत धरायचं नाही, त्याचा उल्लेखही करायचा नाही. जहाजावरचा तीन हातांचा चालक आणि मांजरमुखी संदेशवाहिका ही दोन पात्रं कार्टूनमध्ये जन्मली होती. ऐंशीच्या दशकात ती कॉमिक्समध्ये सुखाने नांदत होती. १९८९च्या नव्या कॉमिक्समधून ती नाहीशी झाली. बदली नाही, निवृत्ती नाही, नुसती रिकामी खुर्ची.

कारणं दोन-तीन सांगितली जातात. पहिलं, हक्क कुणाकडे याचा गुंता. ती गुलाबी कपड्यांतली मांजरमाणसं तर एका विज्ञानकथाकाराने स्वतःच्या जुन्या कथेतून आणलेली, म्हणजे मुळात त्याच्या मालकीची. दुसरं, दर्जा. जनकाचा नंतरचा सूर असा होता की पुढे माणसांची मालिका पुन्हा होईल याची तेव्हा कल्पना असती, तर इतकी तर्कशास्त्राला रजा दिली नसती. तिसरं कारण कुणी उघड म्हणत नाही: नवं घर बांधताना जुन्या घरातली अडगळ दिसू नये असं कुणालाही वाटतं. मला पहिलं कारण पटतं, दुसरं पटत नाही. मूळ मालिकेच्या तिसऱ्या हंगामात एका बाईने स्पॉकचा मेंदू काढून नेला होता. तो भाग घरात आणि ‘येस्टरइयर’ बाहेर, हा दर्जाचा निकष म्हणता येत नाही. शिवाय ज्याच्या सहीने संहिता मंजूर झाल्या त्याच्याच कार्यालयातून त्या रद्द झाल्या.

आमच्यात एक निवृत्त तलाठी आहेत. आम्ही त्यांना भाऊसाहेबच म्हणतो. त्यांनी हा सगळा प्रकार ऐकून घेतला आणि म्हणाले, "हा फेरफार झाला. पण फेरफाराची नोटीस चावडीवर लावावी लागते, हरकतीला पंधरा दिवस द्यावे लागतात. इथे कुणी दिले?"

कुणी दिले नव्हते. आणि पक्का फेरफार झालाच नाही, हे लगेच दिसतं. १९९३-९४मध्ये अधिकृत कालक्रम आणि कोश निघाले, त्यांत कार्टून वगळलं, पण ‘येस्टरइयर’मधल्या स्पॉकच्या लहानपणाच्या तपशिलांना जागा दिली. म्हणजे बावीसातल्या एकवीस भावंडांना वाळीत टाकायचं आणि हुशार तेवढं पंगतीला बसवायचं. त्याहून गंमत कर्कच्या नावाची. १९६६च्या एका भागात त्याच्या थडग्यावर मधलं अक्षर ‘आर’ कोरलंय. पुढे ते ‘टी’ झालं. ‘टी’ म्हणजे टायबेरियस, हे पडद्यावर पहिल्यांदा म्हटलं गेलं १९७४च्या कार्टूनमध्ये. १९९१च्या चित्रपटात तेच पूर्ण नाव सन्मानाने घेतलं गेलं. तेव्हा कार्टून कागदोपत्री बाहेर होतं आणि नायकाचं मधलं नाव आत.

इथे शब्दाचाही घोळ आहे. इंग्रजीतला ‘कॅनन’ आम्ही मराठीत बोलताना कधी ‘अधिकृत’ म्हणतो, कधी ‘प्रमाण’, कधी ‘अस्सल’, आणि तीन वेगळ्या गोष्टींवर एकाच वेळी भांडतो. अधिकृत म्हणजे मालक मानतो ते. प्रमाण म्हणजे वादात पुरावा म्हणून चालतं ते. अस्सल म्हणजे मनाला घरातलं वाटतं ते. १९८९ची सूचना फक्त पहिल्याबद्दल होती. परवानाधारकांसाठीचा तो एक धंद्याचा नियम होता. चाहत्यांनी तो दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर लावला आणि पुढची वीस वर्षं एकमेकांची तोंडं बंद केली.

पोथ्यांच्या बाबतीत आपल्याकडे चपखल शब्द आहे, प्रक्षिप्त. मागाहून घुसवलेलं. पण नाशिककराने तो जपून वापरावा. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. पंचवटीत सीतागुंफेच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही हे सांगून पाहा. रामायण म्हटलं की त्यांना आठवणाऱ्या पहिल्या पाच गोष्टींत ती रेषा असते, आणि ‘लक्ष्मणरेषा ओलांडू नको’ हे तर मराठीत रोज म्हटलं जातं. प्रमाण ग्रंथात नाही, पण घरात आहे. याच्या उलट, ग्रंथात असून कुणाच्याच गावी नाही असंही पुष्कळ.

कार्टून म्हणजे मुळात हलकं, हाही आक्षेप नाशकात बसून घ्यावा असा नव्हे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि पहिल्या चित्रपटानंतर नाशकात बिऱ्हाड आणलेल्या आपल्या चित्रपट-पितामहांनी १९१५च्या सुमारास आगकाड्या एकेक करून सरकवत त्यांना पडद्यावर नाचवलं होतं.

भाऊसाहेबांचं दुसरं वाक्य जास्त कामाचं निघालं. "तुम्ही नुसता सात वाचताय. सातमध्ये मालक कोण ते असतं. बारामध्ये शेतात पीक काय उभं आहे ते. बारा वाचा की."

बारा असा आहे. १९९८मध्ये स्टार ट्रेकच्याच एका नंतरच्या मालिकेत क्लिंगॉन या लढाऊ परग्रही जातीच्या म्हाताऱ्या सरदाराच्या जुन्या जहाजाचं नाव घेतलं गेलं, ते कार्टूनमधून आलेलं. २००४मध्ये ‘एंटरप्राइझ’ मालिकेत स्पॉकच्या त्या पाळीव जनावराची जात हाडामांसाची होऊन वाळवंटात गुरगुरली. २००९च्या चित्रपटात व्हल्कन पोरं छोट्या स्पॉकला आईवरून चिडवतात, तो प्रसंग ‘येस्टरइयर’ पाहिलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. जहाजाचा पहिला कप्तान रॉबर्ट एप्रिल कार्टूनच्या शेवटच्या भागात दिसला होता. २०२२मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या नव्या मालिकेत तो रक्तामांसाचा अधिकारी म्हणून येतो. यातलं बरंचसं पीक सातबाऱ्यावर नाव नसताना उभं राहिलेलं आहे.

नाव परत चढलं ते व्यापारामुळेच. नोव्हेंबर २००६मध्ये बावीस भागांची डीव्हीडी बाजारात आली. विकायला काढलेल्या मालाला ‘हा आमचा नाही’ कसं म्हणणार? २००७मध्ये अधिकृत संकेतस्थळाने कार्टूनचे भाग आपल्या संग्रहात बाकीच्या मालिकांशेजारी लावले. ज्या कारणाने बाहेर काढलं त्याच कारणाने आत घेतलं, असं माझं मत. रेघवाल्याला ते मान्य नाही. तो म्हणतो, जनक १९९१मध्ये गेला, त्याच्या माघारी फिरवलेला निर्णय तो कसला.

खरं तर त्याचा किल्ला २०२०पासून ढासळतोय. ‘लोअर डेक्स’ ही पूर्ण कार्टून मालिका त्या वर्षी आली, २०२४पर्यंत पाच हंगाम चालली, आणि पहिल्या दिवसापासून अधिकृत. तिची डॉक्टर १९७३च्या संदेशवाहिकेच्याच मांजरमुखी जातीची. २०२१च्या एका भागात वस्तुसंग्रहातला अवाढव्य सांगाडा स्पॉकच्या महाकाय प्रतिरूपाचा आहे, म्हणजे चेकॉव्हच्या नटाने लिहिलेल्या त्याच भागाची आठवण. आणि जुलै २०२३मध्ये ‘लोअर डेक्स’मधली दोन कार्टून पात्रं ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’च्या जहाजावर उतरली, त्यांना आवाज देणारे नट स्वतः गणवेश घालून. चित्र आणि माणूस यांच्यातली भिंत निर्मात्यांनीच पाडली. त्याच वर्षी कार्टूनच्या पन्नाशीनिमित्त १९७३च्या चित्रशैलीत पाच छोट्या विनोदी फिती निघाल्या. त्या अधिकृत नाहीत, असं या वेळी आधीच जाहीर केलं होतं. नोटीस चावडीवर लावायला शिकले, म्हणायला हरकत नाही.

एक हिशेब आमच्यात अजून मिटलेला नाही. एंटरप्राइझची मोहीम पाच वर्षांची होती आणि माणसांची मालिका तीन वर्षांत संपली. कार्टूनचे दोन हंगाम म्हणजे चौथं आणि पाचवं वर्ष, असं चाहते फार पूर्वीपासून मांडत आलेत. रेघवाला म्हणतो, बावीस भागांत दोन वर्षं बसत नाहीत. भाऊसाहेब म्हणतात, पोटखराब धरलं की बसतात.

फ्रिजवरच्या कागदावरची रेघ मागच्या रविवारी कुणीतरी खोडरबराने पुसली. पुसलेली दिसते. खाली त्या पाच फितींची नावं कुणीतरी पेन्सिलीने वाढवलीत, अक्षर भाऊसाहेबांचं नाही. या रविवारी पहिले तीन भाग लागायचे आहेत, ‘येस्टरइयर’ त्यात दुसरा. रेघवाला मिसळीचे पाव आणतो म्हणालाय.