गळ्यातली चाल, चळवळीचे शब्द

ठाणे खाडीच्या काठच्या आगरी गावांत जुन्या रीतीने लग्न लागतं तेव्हा मान धवलारणीचा असतो. हळदीपासूनचे विधी ती धवले गात पार पाडते. मराठीची आद्य कवयित्री महदाइसा हिने १३व्या शतकात रचले तेही धवळेच, आणि तेही लग्नाचेच. स्त्रीचळवळीतल्या कलेचा इतिहास सांगताना सुरुवात सहसा १९७५ पासून होते. ठाणे-नवी मुंबईपुरतं तरी ते अपुरं आहे. गाणं आणि चित्र इथे आधीपासून बायकांच्याच हातात होतं.

डहाणू-तलासरीचा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तिथे वारली लग्नघरात सवाशिणी चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी लग्नचित्र, लिहितात. ‘काढतात’ नव्हे, लिहितात. सारवून गेरू लावलेली भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, टोक चेचलेली बांबूची काडी आणि मधोमध पालघट देवी. पीठ पातळ झालं की रेघ ओघळते, घट्ट राहिलं की वाळल्यावर पोपडे सुटतात. चौकाशिवाय लग्न नाही.

आणि हेच लग्न वारली जोडप्याचा फास होतं. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायला बांधली जात. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. बाईवर हात टाकण्याचा हक्कही जमीनदार गृहीत धरत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्यानंतर सभेचे नेते गोदावरी व शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. बाईच्या देहाचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न या जिल्ह्यात एकत्रच पुढे आला, तो असा.

पुढे १९७० च्या दशकात वारली चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं आणि जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर पोचलं. त्यांचं काम मोठंच. पण सवाशिणींची कला बाजारात पुरुषाच्या नावाने ओळखली गेली, ही नोंद सोडून चालणार नाही.

दुसरी वाट जलशाची, म्हणजे गाणी-संवादांतून प्रचार करणाऱ्या लोकनाट्याची. सत्यशोधक आणि नंतर आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात प्रबोधन भरलं, तरी स्त्रीपात्रं बहुतेक पुरुषच करत. ऑक्टोबर १९७५ मध्ये पुण्यात स्त्री मुक्ती संघर्ष परिषद झाली, त्याच वर्षी मुंबईत स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार केल्याच्या खटल्यात पोलीस निर्दोष सुटले, त्या निकालाविरुद्ध १९८० पासून मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. १९८३ मध्येच ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक आलं. आता बाईचं दुःख बाईच चौकात उभी राहून सांगत होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, केंद्राच्या सहा वर्षं आधी, कायदा केला. त्यामागच्या मोहिमेलाही अशा प्रयोगांनी तयार केलेला श्रोता मिळाला, असं आम्हाला वाटतं.

या परंपरेचं तंत्र वागळे इस्टेट, दिघा, तुर्भे स्टोअर अशा वस्त्यांत आजही उपयोगी पडतं. पथनाट्य २० ते २५ मिनिटांचं असावं, त्याहून लांबलं तर बाई चुलीवरचं दूध आठवून उठते. नळाला पाणी यायची वेळ टाळावी. पात्रं ८ ते १० असावीत. माइक घेतला तर नट एका जागी खिळतो आणि परवानगीचं काम वाढतं, म्हणून महत्त्वाचं वाक्य सगळ्यांनी मिळून तीनदा म्हणावं. रिंगण आखून मुलांना पुढे बसवावं, त्यांच्यामागे बायका, बाहेर पुरुष. हे आधी केलं नाही तर पुरुष पुढे उभे राहतात आणि बायका दारातूनच पाहतात.

मारहाण दाखवू नये. मुलं हसतात, त्यांच्यामागून गर्दी हसते आणि प्रसंग हातचा जातो. डफलीचा एक ठोका आणि सगळी पात्रं स्तब्ध, एवढ्याने भागतं. वस्तीतली ओळखू येईल अशी घटना तर घेऊच नये, कारण त्या बाईला रात्री घरीच जायचं असतं. भूमिका नसलेल्या दोघी कडेला थांबाव्यात. गर्दीत गप्प राहिलेली बाई नंतर त्यांच्याशी बोलते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक त्यांच्याकडे लिहिलेला हवा.

सिनेमाची चाल घेतली तर गर्दी लगेच जमते, पण घरी जाताना ओठांवर मूळ गाणंच राहतं. ओवीचं किंवा धवल्याचं तसं नाही, त्यात शब्द बदलत राहणं हीच रीत आहे. म्हणून शेवटी दोन ओळी बायकांकडून म्हणवून घ्याव्यात. आठवड्याने परत जावं. त्यांनी शब्द फिरवले असतील, तर पुढच्या प्रयोगात त्यांचेच शब्द घ्यावेत.