हवाईची क्रूझ: सात दिवसांची वेगळी, पंधरा दिवसांची वेगळी

यंदा दिवाळीच्या फराळाला परत तेच. एका जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, त्यांना हवाईची क्रूझ करायचीय, आणि आजूबाजूची चार माणसं चार सल्ले देतायत, पण आपण कुठल्या क्रूझबद्दल बोलतोय ते एकही जण सांगत नाहीये. "सात दिवसांना एवढे पैसे? तेवढ्यात पंधरा दिवसांची मिळते की, दुप्पट हवाई बघून होईल!" हे वाक्य इथे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मी इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

क्रूझ म्हणजे काय ते सांगत बसत नाही. तुमच्यातल्या बहुतेकांनी अलास्का नाहीतर बहामाज केलेलं असतं, बुफे, बाल्कनी केबिन, रात्रीचे शो सगळं माहितीय. हवाईतही ते तसंच असतं. फरक जहाजावर नाहीये, जहाज कुठून निघतं त्यात आहे.

सात दिवसांचं जहाज होनोलुलूहून निघतं आणि होनोलुलूलाच परत येतं. शनिवारी निघालं की रविवार-सोमवार माउई बेटावरचं काहुलुई, मग बिग आयलंडवर हिलो आणि कोना, मग कवाई बेटावरचं नाविलीविली, आणि पुढच्या शनिवारी सकाळी परत. तिथपर्यंत विमानानं जायचं, आमच्या इथून पाच-साडेपाच तास. हे एकच जहाज आहे, प्राइड ऑफ अमेरिका. पंधरा दिवसांवाली जहाजं अनेक कंपन्यांची आहेत आणि ती लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सॅन डिएगो अशा ठिकाणांहून निघतात, म्हणजे विमानाचं तिकीट वाचतं, आणि दर दिवसाचा हिशोब केला तर बहुतेक वेळा स्वस्तही पडतात. इथेच माणसं फसतात.

कारण ते पंधरा दिवस हवाईत जात नाहीत. लॉस एंजेलिस ते होनोलुलू अंतर ४,१०० किलोमीटरच्या आसपास. जहाज ताशी ३५-३७ किलोमीटरनं चालतं, करा भागाकार, पावणेपाच दिवस. तेवढेच येताना. म्हणजे नऊ-साडेनऊ दिवस नुसतं पाणी, आणि हवाईला उरतात चार किंवा पाच दिवस. सात दिवसांवाल्या जहाजाला पूर्ण समुद्रात घालवलेला एकही दिवस नाही. दिवस दुप्पट आणि हवाई कमी, असा हा सौदा आहे, आणि तो माहीत असून केला तर माझं काहीच म्हणणं नाही, पण माहीत नसताना करू नका.

आता त्याच्याही पुढची गोष्ट, जी ब्रोशरच्या तक्त्यात नजरेतून सुटते. जहाज रात्री कुठे असतं? बुकिंग करायच्या आधी एवढा एक प्रश्न विचारा. पंधरावालं जहाज साधारण सकाळी लागतं आणि संध्याकाळी निघतं, त्यामुळे तुम्ही दुपारपासूनच घड्याळ बघत फिरता. सातवालं माउईला आणि कवाईला रात्रभर धक्क्यालाच उभं असतं. जोडीनं जाणाऱ्यांना हा फरक केवढा मोठा आहे ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही हो. हवाईचं सगळं चांगलं हे एकतर सूर्य बुडल्यावर असतं नाहीतर उगवायच्या आधी. लुआऊ, म्हणजे हवाईची नाचगाण्यांची मेजवानी, संध्याकाळी. समुद्राकाठचं निवांत जेवण रात्री. आणि माउईवरच्या हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यावरचा सूर्योदय!

आम्ही पहाटे अडीचला जहाजातून उतरलो. आदल्या दिवशी भाड्यानं घेतलेली गाडी तिथेच उभी होती, काहुलुईहून वर माथ्यापर्यंत दीड तास, समुद्रसपाटीपासून थेट ३,०५५ मीटर. खाली टी-शर्टवर होतो आणि वर गाडीचं दार उघडलं तर वाऱ्यानं दात वाजायला लागले. केबिनमधून थर्मासमध्ये चहा भरून नेला होता, नवऱ्यानं माझे दोन्ही हात त्या थर्मासला लावून वरून आपले धरले आणि आम्ही तसेच कठड्यापाशी उभे राहिलो. खाली ढगांची गादी, आधी तिची कड लाल झाली, मग मधल्या विवरातली माती एकेक रंग घ्यायला लागली, विटकरी, राखाडी, जांभळट. तासभर कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही. (पहाटे ३ ते ७ मध्ये गाडी वर न्यायची तर पार्कचं रिझर्व्हेशन आधी ऑनलाइन काढावं लागतं, ते विसरू नका, गेटवरून परत पाठवतात.) आमच्या ओळखीतल्या एकांनी हेच बघायला म्हणून पंधरावाली घेतली, एजंटनं "सेमच आहे, उलट दिवस जास्त" असं सांगितलं होतं, आणि त्यांचं जहाज माउईला लागलं सकाळी आठला. ती वहिनी अजून हळहळते.

मग सगळ्या कंपन्या सात दिवसांवाली का काढत नाहीत? कारण १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदवलेल्या, जहाजाला अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये प्रवासी नेता येत नाहीत, आणि निघालेल्या बंदरालाच परत यायचं असेल तरी मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. मोठ्या क्रूझ जहाजांवर बहामाज, पनामा, बर्म्युडा असलेच झेंडे असतात. हवाईच्या जवळ परदेश कुठलाय? साधारण २००० नंतरची काही वर्षं होनोलुलूहून निघणारं एक जहाज ही अट पाळायला म्हणून पार किरिबाती देशाच्या फॅनिंग आयलंडला जाऊन यायचं, जवळजवळ १,९०० किलोमीटर खाली! प्राइड ऑफ अमेरिकावर अमेरिकेचा झेंडा आहे, बांधायला घेतलं अमेरिकेत, पूर्ण झालं जर्मनीत, २००५ पासून चालू आहे, आणि त्याला ही अट नाही. कर्मचारी अमेरिकन पगारावर, म्हणून तिकीट महाग. त्याला लूट म्हणणं मला पटत नाही.

आणि पंधरावाली जहाजं याच कायद्यापायी येताना मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला काही तास थांबतात. आपल्या लोकांनी हे वाक्य दोनदा वाचा. तुम्ही जहाजातून खाली उतरा किंवा उतरू नका, तुम्ही अमेरिकेबाहेर जाऊन परत आत येताय. एच-वनचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलाय, ग्रीन कार्डचा अर्ज अडकलाय, आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत, यातलं काहीही असेल तर आधी वकिलाला विचारा, मगच पैसे भरा. मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन येणाऱ्यांना एक सवलत आहे पण ती सगळ्यांना लागू होत नाही, आणि "अहो हवाई म्हणजे अमेरिकाच की" हे उत्तर इमिग्रेशनच्या खिडकीवर चालत नाही. होनोलुलूवाल्या जहाजात हा प्रश्नच येत नाही.

बाकीचे फरक किरकोळ. प्राइडवर कॅसिनो नाही, कारण हवाईत जुगाराला बंदी आहे. जहाज जुनं आणि आजच्या मानानं लहान. दोन्हीकडे हिलोला छत्री न्या, तो पाऊस म्हणजे आपलं चिपळूण, आणि बेट तेच असूनही कोना मात्र कोरडं. कोनाला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. माउईला जहाजाची टूर घेऊ नका, गाडीच घ्या, आणि महिनोन्महिने आधी घ्या.

आमच्या शेजारच्या काका-काकूंना मात्र मी स्वतः पंधरावालीच सुचवली. काकांच्या गुडघ्यांना चढउतार झेपत नाही, विमानात पाय आखडतात, आणि दोघांना समुद्राकडे बघत बसायला आवडतं. पहिले दोन दिवस डेकवर थंडी असते म्हणून काकूंनी शालीच नेल्या. जाताना घड्याळ तासातासानं मागे घेतात, म्हणजे मधेच एखादा दिवस पंचवीस तासांचा मिळतो. काकू म्हणाल्या, त्या जादाच्या तासात ते दोघं बाल्कनीत पत्ते खेळायचे.