पाणलाव्याची शेपटी आणि पीटमधलं पाणी

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टचा डोंगरमाथा, मे महिन्यातली ढगाळ दुपार. नजर पोहोचेल तिथवर तपकिरी हीदरची झुडपं, मधूनच कापसासारखी बोंडं मिरवणारं गवत. झाड एकही नाही. पायाखालचं काळं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची ओली माती, स्पंजासारखं दबतं. आणि आभाळातून चक्क करडू ओरडल्यासारखा थरथरता आवाज येतो.

हा पाणलावा. हिवाळ्यात आपल्याकडच्या भातखाचरांत दबा धरून बसतो आणि अगदी पायाशी गेल्यावर भर्रकन उडतो, तोच. इथे मात्र त्याचा विणीचा हंगाम आहे. नर उंच चढतो आणि तिरका सूर मारतो. आवाज गळ्यातून येतच नाही! शेपटीच्या दोन्ही कडांची पिसं तो बाजूला ताणतो आणि वेगाच्या वाऱ्यात ती कंप पावतात. पंखांच्या फडफडीने हा झोत तुटत राहतो, म्हणून आवाज थरथरतो. १८५० च्या दशकात पक्षी-अभ्यासक विल्हेल्म मेवेस यांनी असं एक पीस काठीला बांधून हवेत फिरवलं, तर हाच आवाज निघाला. इतका साधा आणि इतका नेमका प्रयोग मला फार आवडतो.

एवढा खटाटोप याच माथ्यावर का? कारण चिखल. पाणलाव्याच्या लांब चोचीचं टोक संवेदनशील असतं आणि जमिनीत रुतलेलं असतानाही उघडतं. पण त्यासाठी जमीन मऊ हवी.

जवळच सोनेरी चिखल्या या पक्ष्याची शीळ ऐकू येते. याचाच एक भाऊबंद हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर येतो. इथल्या चिखल्याच्या पिल्लांचं मुख्य खाणं म्हणजे क्रेन फ्लाय, मोठ्या डासासारखी लांब पायांची माशी. तिच्या अळ्या पीटच्या वरच्या थरात वाढतात. ऑगस्ट कडक तापला की तो थर सुकतो, अळ्या मरतात आणि पुढच्या वसंतात पिल्लं उपाशी राहतात. दोन वर्षांनी चिखल्यांची संख्याच घटलेली दिसते, असं याच डोंगरांवरच्या अभ्यासात आढळलं.

माणसाने इथे चर खणून पाणी काढून दिलं होतं. आसपासच्या कारखान्यांच्या धुराने पाणी धरणारं स्फॅग्नम शेवाळही मारलं होतं. आता ते चर दगडांनी अडवताहेत, शेवाळाची रोपं हाताने लावताहेत. अशाच एका बांधामागे गुडघाभर पाणी साचलंय, आणि पाणलावा सूर मारतोय तो नेमका त्याच्यावर.