मार्च मॅडनेस रद्द होणं वेगळं, हंगाम कोलमडणं वेगळं

‘कोविडमुळे मार्च मॅडनेस रद्द झाली, एनसीएएचे पैसे बुडाले, म्हणून कॉलेजांना खेळ बंद करावे लागले.’ अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल आणि महामारी असा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. (एनसीएए म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, आणि मार्च मॅडनेस म्हणजे तिची दर मार्चमधली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा.) यातला प्रत्येक तुकडा सुटा घेतला तर बरोबर आहे. चुकतो तो ‘म्हणून’. कॉलेजांच्या खेळाला महामारीत दोन धक्के बसले. एक मार्च २०२० मध्ये, दुसरा २०२०-२१ च्या अख्ख्या हंगामात. दोघांची कारणं वेगळी, रकमा वेगळ्या, आणि मुख्य म्हणजे झळ ज्याच्या खिशाला लागली तो मालकही वेगळा. तरी लोक एकाचे आकडे दुसऱ्याला चिकटवत राहतात.

पहिला धक्का बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. ११ मार्च २०२० ला एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या रूडी गोबेअर या खेळाडूची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि एनबीएने हंगाम थांबवला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सेंट जॉन्स विरुद्ध क्रेटन हा कॉन्फरन्सच्या (म्हणजे आपसात हंगाम खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या) स्पर्धेतला सामना मध्यंतरालाच संपवला गेला. इतर कॉन्फरन्सांनीही आपापल्या स्पर्धा गुंडाळल्या आणि त्याच दिवशी एनसीएएने पुरुषांची व महिलांची, दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. पुरुषांची स्पर्धा १९३९ पासून एकदाही चुकली नव्हती.

एनसीएएचं पोट जवळजवळ एकाच गोष्टीवर चालतं: पुरुषांच्या या स्पर्धेच्या टीव्ही हक्कांवर. सीबीएस आणि टर्नरकडून २०१९ मध्ये तिला ८६.७५ कोटी डॉलर मिळाले होते, २०२० मध्ये ११.३१ कोटी. एकूण उत्पन्न सुमारे ११२ कोटींवरून ५१.९ कोटींवर आलं. स्पर्धा रद्द होण्याचा विमा होता, त्याचे २७ कोटी आले. कॉलेजांना वाटायच्या ६० कोटींच्या जागी २२.५ कोटी वाटले गेले, त्यातले ५ कोटी गंगाजळीतून काढलेले.

आता इथे थांबून भागाकार करायला हवा, आणि तोच कोणी करत नाही. वाटपात तूट आली ३७.५ कोटी डॉलरची. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, तेव्हा कॉलेजं साधारण ३५०. म्हणजे सरासरीने एका कॉलेजमागे दहा-अकरा लाख डॉलर. वाटप कॉन्फरन्समार्फत होतं आणि ते समान नसतं, त्यामुळे कुणाचं जास्त गेलं, कुणाचं कमी. पण रकमेचा अंदाज येतो.

त्याच्या शेजारी आयोवा विद्यापीठ ठेवा. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या क्रीडा विभागाने सांगितलं की सुमारे १० कोटी डॉलरचं उत्पन्न जाणार आणि ६ ते ७.५ कोटींची तूट पडणार. चार खेळ बंद केल्याची घोषणा झाली: पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, पुरुषांचं टेनिस आणि पुरुष व महिलांचं पोहणं. ही घोषणा २१ ऑगस्टची. त्याच्या दहाच दिवस आधी, ११ ऑगस्टला, आयोवा ज्यात खेळतं त्या बिग टेन कॉन्फरन्सने फुटबॉलचा (अर्थात अमेरिकन फुटबॉलचा) हंगाम पुढे ढकलला होता. मार्च मॅडनेस रद्द होऊन तेव्हा पाच महिने उलटले होते. दहा लाखांच्या खड्ड्यासाठी कोणी चार खेळ बंद करत नाही. कारण फुटबॉलमध्ये होतं.

बास्केटबॉलप्रेमींना हे ऐकायला आवडत नाही, पण मोठ्या कॉन्फरन्समधल्या बहुतेक क्रीडा विभागांची चूल फुटबॉलवर पेटते. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. बिग टेनने ऑक्टोबर २०२० मध्ये फुटबॉल उशिरा सुरू केलं, पण सामान्य प्रेक्षकांना तिकिटं विकली नाहीत. गेलं ते फक्त तिकीट नव्हतं. पार्किंग, खाणंपिणं, कार्यक्रमपत्रिका गेली, आणि त्याहून जड म्हणजे खुर्चीला बांधलेली देणगी. मोठ्या विद्यापीठांत चांगल्या जागेचं सीझन तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळवायलाच आधी बूस्टर क्लबला, म्हणजे संघाच्या पाठीराख्यांच्या संस्थेला, दरवर्षी देणगी द्यावी लागते. खुर्चीच बंद, तर देणगी कशासाठी? बऱ्याच विभागांनी लोकांपुढे तीन पर्याय ठेवले: पैसे परत घ्या, पुढच्या वर्षाला वळते करा, किंवा सगळी रक्कम निव्वळ देणगी म्हणून सोडा. तिसरा पर्याय निवडणाऱ्यांनी अनेक विभागांना त्या वर्षी तगवलं.

दोन धक्क्यांमधला खरा फरक इथे आहे. एनसीएएचं उत्पन्न टीव्हीचं, आणि टीव्हीला प्रेक्षागृह भरलेलं लागत नाही. स्पर्धा झाली म्हणजे पुरे. म्हणून २०२१ ची स्पर्धा ६८ संघांसह इंडियाना राज्यात एकवटून भरवली, जास्तीत जास्त २५ टक्के प्रेक्षक घेतले, तरीही एनसीएएचं उत्पन्न पुन्हा १०० कोटींच्या वर गेलं. क्रीडा विभागाच्या उत्पन्नात मात्र तिकीटविक्रीचा आणि देणगीचा वाटा मोठा, आणि त्याला माणसं लागतात. एनसीएए सावरली त्याच वर्षी विभाग सर्वांत खोल खड्ड्यात होते. एसईसी या कॉन्फरन्सने तर २०२१ मध्ये आपल्या चौदाही सदस्यांना प्रत्येकी २.३ कोटी डॉलर दिले, आणि ते भविष्यातल्या टीव्ही उत्पन्नावर घेतलेली उचल होते. मार्च २०२० मध्ये रद्द झालेल्या स्पर्धेची ही भरपाई असती तर ती वर्षभर उशिरा आणि एवढी मोठी कशाला दिली असती?

घोळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे, आर्थिक वर्षाची. बहुतेक सरकारी विद्यापीठांचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. म्हणजे ‘आर्थिक वर्ष २०२०’ या शीर्षकाखाली २०१९ चा फुटबॉल हंगाम पूर्ण भरलेल्या स्टेडियमसह येतो, बास्केटबॉलचा हंगामही जवळजवळ पूर्ण येतो, आणि फक्त मार्चनंतरचं नुकसान दिसतं. रिकाम्या स्टेडियमचं वर्ष म्हणजे ‘आर्थिक वर्ष २०२१’. एनसीएएचं वर्ष ऑगस्टअखेर संपतं, पण तिचा मोठा फटका २०२० च्याच ताळेबंदात आहे. ‘२०२०’ लिहिलेले दोन अहवाल समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढणारे लेख मी बाजूला टाकते. कॉलेजचा २०२१ चा आणि एनसीएएचा २०२० चा अहवाल उघडा, मग बोला.

आणि तूट महामारीने आणली की महामारीने उघडी पाडली, हेही तपासावं. स्टॅनफर्डने जुलै २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याच निवेदनात होतं की कोविडच्या आधीच १.२ कोटी डॉलरहून जास्त तूट दिसत होती. कोविडने ती किमान २.५ कोटींवर नेली. मे २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

आता वेळापत्रकाचा भाग. बास्केटबॉलचा २०२०-२१ चा हंगाम १० नोव्हेंबरऐवजी २५ नोव्हेंबरला सुरू झाला. सामन्यांची कमाल मर्यादा ३१ वरून २७ वर आणली: २४ सामने आणि तीन सामन्यांपर्यंतची एक बहुसंघी स्पर्धा. राष्ट्रीय स्पर्धेसाठी डिव्हिजन वन प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध किमान १३ सामने. हंगामात खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच यांची आठवड्यातून तीनदा, सलग नसलेल्या दिवशी चाचणी. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात शनिवारचा सामना गुरुवारी मोडायचा. गुरुवारी एक खेळाडू पॉझिटिव्ह, मग त्याच्या निकट संपर्कातले सगळे सुरुवातीच्या नियमाने चौदा दिवस विलगीकरणात. एसईसी, एसीसीसारख्या कॉन्फरन्सांत सात शिष्यवृत्तीधारक खेळाडू आणि एक प्रशिक्षक उपलब्ध असला तरच संघ खेळू शके. एकाच खोलीत जेवलेले, एकाच बसमध्ये शेजारी बसलेले पाच-सहा जण बाहेर गेले की सामना गेला. शिवाय विलगीकरण चौदा दिवसांचं असल्याने एका पॉझिटिव्हमागे तीन-चार सामने जायचे. गोंझागा आणि बेलर हे दोन अव्वल संघ ५ डिसेंबरला इंडियानापोलिसमध्ये भिडणार होते; सामना ऐनवेळी रद्द झाला. तेच दोघे पुढे ५ एप्रिल २०२१ ला अंतिम सामन्यात भेटले आणि बेलर ८६-७० ने जिंकलं. आयव्ही लीग या कॉन्फरन्सने तर नोव्हेंबरमध्येच हिवाळी खेळांचा हंगाम रद्द केला.

रिकाम्या प्रेक्षागृहात चाचण्यांचा खर्च सोसून खेळायचं कशाला, असं बरेच जण विचारतात. उत्तर टीव्ही करारात आहे. कॉन्फरन्सने वाहिनीला ठरावीक सामने द्यायचे असतात. ‘पुढे ढकललेला’ सामना नंतर खेळून तो हिशेब भरता येतो, ‘रद्द’ झालेला कायमचा वजा होतो. म्हणून फेब्रुवारीत संघ आठवड्यात तीन-तीन सामने खेळताना दिसले.

‘नो कॉन्टेस्ट’ (सामना झालाच नाही) आणि ‘फॉरफिट’ (न आलेला संघ हरला असं धरणं) हा फरक छोटा आहे. आजारामुळे संघ आलाच नाही तर एनसीएएच्या नोंदीत सामना झालाच नाही असं धरतात. मार्च २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेतून व्हीसीयूचा संघ बाद झाला आणि प्रतिस्पर्धी ओरेगन पुढे गेलं ते असंच, व्हीसीयूच्या नावावर पराभव लागला नाही. २०२१-२२ मध्ये काही कॉन्फरन्सांनी फॉरफिटचा नियम आणला, तो त्यांच्या गुणतक्त्यापुरता होता, आणि ओमिक्रॉन आल्यावर डिसेंबरमध्ये बहुतेकांनी तो बदललाही.

लहान कॉलेजांचं गणित मात्र पूर्ण निराळं, आणि इथे वेळापत्रक म्हणजेच पैसा. लहान कॉलेज हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या कॉलेजच्या घरी जाऊन बहुधा हरतं आणि त्याबद्दल ठरलेली रक्कम घेऊन येतं. बास्केटबॉलमध्ये ती एका सामन्यामागे साधारण ८० हजार ते एक लाख डॉलर, फुटबॉलमध्ये दहा लाखांच्याही वर. सामने ३१ वरून २७ वर आले आणि कॉन्फरन्सचे सामने तेवढेच राहिले, तेव्हा कात्री याच सामन्यांना लागली. जुलै २०२० मध्ये बिग टेन आणि पॅक-१२ या कॉन्फरन्सांनी फुटबॉल फक्त आपसात खेळायचं ठरवल्यावर असे करार घाऊक मोडले. मग वाद कलमांचा. करारात अपरिहार्य आपत्तीचं कलम असतं: खेळणं अशक्य झालं तर कोणीच कोणाला देणं लागत नाही. पण यजमान संघ त्याच शनिवारी दुसऱ्या कुणाशी तरी खेळतोय, तर ती आपत्ती की त्याचा निर्णय? निर्णय ठरला तर करारात लिहिलेली भरपाई द्यावी लागते. कराराच्या व्याख्येत ‘महामारी’ हा शब्द स्पष्ट नसेल, किंवा ‘कॉन्फरन्सचा आदेश’ हाही आपत्तीत धरला असेल, तर लहान कॉलेजचा हात रिकामा राहतो.

या कॉलेजांचा दुसरा आधार म्हणजे विद्यार्थ्यांच्या फीमधला खेळांचा हिस्सा. पुण्या-नागपुराहून तिकडे एमएस करायला गेलेल्यांनी आपल्या बिलात ‘ॲथलेटिक्स फी’ अशी ओळ पाहिली असेल. आयुष्यात एकही सामना न बघणाराही ती भरतो. २०२० मध्ये व्हिसा कचेऱ्या बंद होत्या, नवे परदेशी विद्यार्थी पोहोचले नाहीत, आणि त्या फीलाही गळती लागली.

मार्च २०२० च्या धक्क्याला मात्र एक लांब शेपूट आहे, ते मान्य करायलाच हवं. राष्ट्रीय स्पर्धेतल्या सामन्यांवर कॉन्फरन्सला ‘युनिट’ मिळतात आणि त्यांचे पैसे सहा वर्षं येत राहतात; महामारीआधी एका युनिटमागे वर्षाला सुमारे २.८ लाख डॉलर. २०२० चे युनिट कोणालाच मिळाले नाहीत. ड्यूकला किंवा कॅन्ससला याने फरक पडत नाही, ते पुढच्या वर्षीही येणार असतात. पण डेटन त्या हंगामात २९-२ होतं, सॅन डिएगो स्टेट ३०-२. अशा संघाचा असा हंगाम दशकात एखादाच येतो, आणि त्यांच्या कॉन्फरन्सांनी त्यातून सहा वर्षं घर चालवलं असतं.

खेळाडूंच्या बाबतीतही दोन वर्षांना एकच नियम लागला असं समजू नका. २०१९-२० च्या शेवटच्या वर्षाच्या बास्केटबॉलपटूंना जादा वर्ष मिळालं नाही, कारण त्यांचा हंगाम जवळजवळ पूर्ण झाला होता. ते मार्च २०२० अखेर वसंतातल्या खेळांना मिळालं. बास्केटबॉलला ते ऑक्टोबर २०२० मध्ये मंजूर झालं, २०२०-२१ साठी. त्या वर्षीचे ज्येष्ठ खेळाडू २०२१-२२ मध्ये परतले तर तेव्हाच्या १३ शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेत मोजले जात नव्हते. सूट एनसीएएने दिली. चौदाव्या-पंधराव्या खेळाडूची फी, राहणं आणि जेवण क्रीडा विभागाने भरलं.