नोटरी आणि नातेवाइकांचे हितसंबंध (स्थावर मालमत्तेचे दस्त)

दस्तावर सही करणारी व्यक्ती तीच आहे आणि सही तिने स्वेच्छेने केली आहे, याची तटस्थपणे खातरजमा करून शिक्का उमटवणे हे नोटरीचे काम असते. ज्या दस्तात नोटरीचा स्वतःचा किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाचा लाभ गुंतलेला असतो, तेथे ही तटस्थता संशयास्पद ठरते. अमेरिकेत हा प्रश्न वारंवार उद्भवतो, कारण तेथे खरेदीखत, बक्षीसपत्र वा गहाणखत काउंटीच्या दफ्तरी नोंदवण्यापूर्वी लिहून देणाऱ्याच्या सहीचे सामान्यतः नोटरीकडून साक्षांकन व्हावे लागते. शिवाय नोटरी वकीलच असावा अशी अट बहुतेक राज्यांत नसल्याने बँकेतील कर्मचारी किंवा घरातीलच एखादी व्यक्ती नोटरी असू शकते.

राज्याराज्यांचे नियम भिन्न आहेत. फ्लॉरिडात पती वा पत्नी, मुलगा, मुलगी, आई आणि वडील यांच्या सहीचे साक्षांकन नोटरीला करता येत नाही, मग त्यात त्याचा लाभ असो वा नसो. भावंडे मात्र या यादीत नाहीत. कॅलिफोर्निया नात्यापेक्षा लाभाकडे पाहतो: लिहून देणार, लिहून घेणार, गहाणदार किंवा भाडेकरू म्हणून नोटरीचे स्वतःचे नाव दस्तात असेल, तर थेट हितसंबंध मानला जातो. नातेवाइकांवर तेथे सरसकट बंदी नाही. परंतु विवाहकाळात मिळवलेली मालमत्ता सामान्यतः पती-पत्नींची सामायिक समजली जात असल्यामुळे, पत्नीच्या एकटीच्या नावे होणाऱ्या खरेदीतही पतीला हिस्सा असू शकतो, आणि म्हणूनच जोडीदाराच्या कागदांबाबत नोटरींना सावधगिरी बाळगण्यास सांगितले जाते. राज्यांनी स्वीकारावा म्हणून २०१० मध्ये तयार झालेल्या आदर्श कायद्यानुसार नोटरी किंवा त्याचा जोडीदार दस्ताचा पक्षकार असल्यास, अथवा दोघांपैकी कोणाचाही थेट लाभ असल्यास, साक्षांकन करता येत नाही. तरीही केलेले साक्षांकन आपोआप रद्द होत नाही, ते रद्द होण्याजोगे ठरते.

खरी अडचण याद्यांच्या कडेला असते. वृद्ध सासूने आपले घर मुलाला लिहून दिले आणि साक्षांकन नोटरी असलेल्या सुनेने केले, तर फ्लॉरिडाच्या यादीत सासू नसल्याने नात्याची बंदी लागत नाही. आदर्श कायद्यात मात्र घेणारा तिचा पतीच असल्यामुळे ते निषिद्ध ठरते. अशा दस्ताला आव्हान बहुधा देणाऱ्याच्या मृत्यूनंतर, वगळलेल्या भावंडांकडून येते, आणि तेव्हा सही कोणासमोर झाली हाच वादाचा मुद्दा होतो.

भारताच्या नोटरी अधिनियम, १९५२ मध्ये नातेवाइकांची अशी यादी नाही. गैरवर्तणूक सिद्ध झाल्यास नोटरीचे नाव नोंदवहीतून काढण्याची तरतूद आहे. मुळात येथे १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडील नोंदणीवाचून पूर्ण होत नाही, त्यामुळे केवळ 'नोटरी केलेल्या' खरेदीखताने मालकी जात नाही, ही जाणीव महाराष्ट्रात अजूनही पुरेशी पसरलेली नाही. नोटरीचे महत्त्व मुख्यतः मुखत्यारपत्रात उरते. परदेशस्थ मराठी मालकाला नोंदणीसाठीचे मुखत्यारपत्र तेथील नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर करता येते, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथे त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. नोटरीसमोर झालेले मुखत्यारपत्र रीतसर झाले, असे न्यायालय गृहीत धरते. हे गृहीतक पुराव्याने खोडता येते, त्यामुळे ज्याच्या नावे अधिकार दिला आहे त्याचा नोटरी नातलग नसावा, ही दक्षता तेथेही घेण्याजोगी आहे.