क्वालालंपूर: कथिलाच्या शोधात वसलेलं शहर

क्वालालंपूरला जाणारे बहुतेक जण आधी पेट्रोनासचे जुळे मनोरे गाठतात. माझं ऐकाल तर आधी गोंबाक आणि क्लांग नद्यांच्या संगमावर जा. शहराचं नावच तिथलं आहे. मलय भाषेत 'क्वाला' म्हणजे नद्यांचा संगम किंवा मुख आणि 'लुम्पुर' म्हणजे चिखल.

१८५७ साली क्लांगच्या राजा अब्दुल्लाने ८७ चिनी खाणकामगार नदीतून वर, अंपांगच्या जंगलात कथील काढायला पाठवले. आपल्याकडे पितळी भांड्यांना कल्हई करतात, तेच हे कथील. तेव्हा त्याला मोठी मागणी होती ती युरोप-अमेरिकेतल्या डबाबंद अन्नामुळे. महिनाभरात त्या ८७ जणांतले जेमतेम १८ उरले; बाकीचे हिवतापाने आणि जंगलातल्या इतर आजारांनी गेले. तरी कथील लागलं होतं, म्हणून माणसं येत राहिली. होड्या संगमापर्यंतच यायच्या. माल तिथे उतरायचा, तिथेच दुकानं लागली आणि गाव वसलं.

या गावाला उभं केलं चिनी वस्तीचा तिसरा 'कापितान', म्हणजे प्रमुख, यप आह लॉय याने. यादवी युद्धात गाव बेचिराख झालं, त्याने ते पुन्हा बांधलं. आज खरेदीसाठी गजबजलेला पेतालिंग रस्ता कँटनी बोलीत अजून 'पिठाच्या गिरणीचा रस्ता' म्हणून ओळखला जातो. यपची गिरणी तिथे होती आणि तिच्यात टॅपिओकाचं पीठ निघायचं. आपला साबुदाणा होतो ना, त्याच कंदाचं!

१८८१ च्या आगीत झावळ्यांची घरं खाक झाली. त्यानंतर ब्रिटिश रेसिडेंट फ्रँक स्वेटनहॅमने विटा-कौलांची सक्ती केली. विटांच्या भट्ट्यांवरून एका भागाचं नाव ब्रिकफिल्ड्स पडलं. पुढे तिथे रेल्वेच्या कामासाठी तमिळ लोक आले आणि हा भाग आज 'लिटल इंडिया' झाला आहे.

तमिळांचं श्री महामारिअम्मन देऊळ मात्र त्याआधीचं, १८७३ चं. तंबुसामी पिल्लै यांनी ते उभारलं. मारिअम्मन ही आपल्या मरीआईसारखीच, रोगराईपासून राखणारी. हिवतापाने माणसं मरत होती त्या गावात तिचं ठाणं व्हावं, हे मला फार समजण्यासारखं वाटतं. थायपूसमच्या उत्सवाला मुरुगनचा, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचा, चांदीचा रथ याच दारातून निघतो आणि रात्रभर चालत बाटू गुंफांपाशी पोचतो. सोबत हजारो माणसं अनवाणी. पुढे गुंफेच्या २७२ पायऱ्या. या गुंफेतली पूजाही पिल्लैंनीच सुरू केली.

संगमाच्या टोकावरची जामेक मशीद १९०९ ची. जुन्या मलय कब्रस्तानाच्या जागेवर ती हबॅक या इंग्रज वास्तुकाराने बांधली. लाल-पांढऱ्या विटांचे पट्टे, कांद्याच्या आकाराचे घुमट. जवळच १८९७ ची सुलतान अब्दुल समद इमारत. मुंबईच्या माणसाला दोन्ही ओळखीच्या वाटतील, कारण इंग्रजांनी ही शैली हिंदुस्थानातून आणली. मलय बांधणीशी तिचं नातं नाही.

मलय घर पाहायचं तर कांपुंग बारूत जा. १९०० साली मलय शेतकऱ्यांसाठी राखलेली ही वस्ती. खांबांवर उचललेली काही लाकडी घरं अजून आहेत आणि त्यांच्या छपरांवरून ४५२ मीटर उंचीचे पेट्रोनासचे मनोरे दिसतात.