टेबलटॉप आरपीजीमध्ये गैरहजर खेळाडूचं काय करायचं

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (आरपीजी) म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका कॅरेक्टरची, म्हणजे पात्राची, भूमिका घेऊन सगळ्यांनी मिळून एक गोष्ट खेळायची. अशा ग्रुपमधला कोणी ठरलेल्या सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, आला नाही तर त्याच्या कॅरेक्टरचं, गोष्टीचं आणि त्या दिवशीच्या खेळाचं काय करायचं, याची ग्रुपने आपसात ठरवलेली पद्धत म्हणजे गैरहजेरीचा नियम. गल्ली क्रिकेटमध्ये एक भिडू कमी पडला तर कॉमन भिडू घेऊन मॅच होऊन जाते, इथे तसं नाही होत, कारण न आलेल्या माणसाचं कॅरेक्टर महिनोन्महिने गोष्टीत गुंतलेलं असतं, कोणाचं तरी देणं लागत असतं, कोणाशी तरी वैर घेऊन बसलेलं असतं. नियम आधी ठरलेला नसेल तर बहुतेक वेळा सेशनच कॅन्सल होतं, आणि असं ओळीने तीन-चारदा झालं की कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन्स चालणारी गोष्ट, तिथेच संपते, कोणी ती संपवत नाही, पुढची तारीख ठरवणंच बंद होतं.

हा प्रश्न सुरुवातीपासून एवढा मोठा नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला तेव्हा मूळ नियमांत एका कॅम्पेनला ४ ते ५० खेळाडू चालतील असं लिहिलं होतं आणि साधारण २० खेळाडूंमागे एक रेफरी, म्हणजे खेळ चालवणारा, धरला होता. एवढ्या लोकांनी दर वेळी यावं अशी अपेक्षाच नव्हती, जे आले ते गुहेत उतरले, बाकीच्यांची कॅरेक्टर्स गावात राहिली. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात, गायगॅक्सने वेळेची काटेकोर नोंद ठेवल्याशिवाय कॅम्पेनला अर्थ नाही असं ठासून सांगितलंय, कारण वेगवेगळे लोक वेगवेगळ्या दिवशी येऊन त्याच एका जगात खेळणार होते. पुढे ठरावीक चार-पाच कॅरेक्टर्सची एकच लांबलचक गोष्ट, हा प्रकार रुजला आणि मग एक जण नसला तरी गोष्ट अडायला लागली.

मुंबईत

मुंबईतला ग्रुप म्हणजे एक जण वसईचा, एक डोंबिवलीचा, दोघं नवी मुंबईचे आणि डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) माहीम किंवा माटुंग्याचा, असं काहीतरी असतं. मधलं ठिकाण म्हणून दादर बरं पडतं कारण वेस्टर्न आणि सेंट्रल तिथे भेटतात, २०१४ मध्ये वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरी आणि घाटकोपरही सोयीचं झालंय. सगळ्यांना सुट्टी रविवारी आणि रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारीच, हार्बरवर ब्लॉक असला की वाशी-पनवेलवाल्यांचा दीड तासाचा प्रवास कुठल्या कुठे जातो. ब्लॉकचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं, त्यामुळे शनिवारी ते बघून कोण येऊ शकेल हे विचारणं ही डीएमच्या तयारीतलीच एक गोष्ट धरावी. शिवाय जुलै-ऑगस्टचा पाऊस, गणपती, नवरात्र, मार्चमधल्या परीक्षा आणि इयर एंडिंग, कोणाची नाईट शिफ्ट, कोणाच्या आईला डॉक्टरकडे न्यायचंय. यातलं एकही कारण खोटं नाही आणि यातल्या एकातही खेळाबद्दल अनास्था नाही. म्हणूनच इथल्या ग्रुपने गैरहजेरी हा अपवाद न धरता पाच जणांतले साधारण चार येतील असं गृहीत धरून कॅम्पेन आखायला हवी, दर वेळी पाचही जण लागतील अशी गोष्ट या शहरात टिकत नाही.

कॅरेक्टरचं काय होतं

२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये चार वाटा दिल्यात: दुसऱ्या खेळाडूने ते कॅरेक्टर चालवायचं, डीएमने चालवायचं, ते त्या वेळी तिथे नाहीच असं ठरवायचं, किंवा ते आहे पण मागे-मागे आहे, काही करत नाही असं धरायचं.

डीएमने चालवणं सगळ्यात कमी चालतं. त्याच्याकडे आधीच राक्षस, गावकरी, नकाशा आणि वेळ असं सगळं असतं, त्यात अजून एक कॅरेक्टर आलं की तो स्वतःशीच बोलत बसतो. दुसऱ्या खेळाडूने चालवणं लढाईपुरतं छान जमतं, पण त्याला मर्यादा लागतात आणि त्या बोलून ठरवाव्या लागतात: एकदाच वापरता येणारी वस्तू खर्च करायची नाही, कोणाला शब्द द्यायचा नाही, कॅरेक्टरच्या घरच्यांबद्दल, देवाबद्दल, जुन्या वैराबद्दल काही ठरवायचं नाही. आणि मालक नसताना कॅरेक्टर मरत नाही, फार तर बेशुद्ध पडतं. यावर लोक म्हणतात की मग धोकाच राहिला नाही, पण धोक्याची मजा ज्याने तो पत्करलाय त्याला असते, घरी आजारी पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर तुझा पॅलाडिन गेला असा मेसेज येण्यात कसलीच मजा नाही.

कॅरेक्टर तिथे नाहीच असं ठरवणं सगळ्यात स्वच्छ, पण मागचं सेशन ऐन भुयारात, दरवाजा फुटतोय अशा जागी थांबलेलं असेल तर तो अचानक गेला कुठे हा प्रश्न येतो. काही ग्रुप जादूचा शाप वगैरे कारण काढतात, काही ग्रुप कारणच देत नाहीत आणि तेही चालतं. खरा उपाय मात्र आदल्या सेशनमध्येच असतो, तो म्हणजे शेवटची पंधरा-वीस मिनिटं राखून ठेवून पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या कॅरेक्टर्सच्या टोळीला, गावात, छावणीत, जहाजावर, कुठल्या तरी सुरक्षित जागी आणून सोडायचं. उत्कंठेच्या जागी तोडण्याचा मोह मोठा असतो पण पुढच्या वेळी तेच पाच चेहरे समोर असतील याची खात्री असेल तरच तो परवडतो.

लढाईचा हिशोबही बदलतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या नियमांत ५ व्या लेव्हलच्या पाच जणांसाठी हार्ड, म्हणजे अवघड, लढाईची पातळी ३७५० एक्सपी (अनुभवाचे गुण, लढाई किती अवघड हेही यातच मोजतात) येते, त्याच लेव्हलचे तिघंच आले तर त्यांची डेडली, म्हणजे जीवघेणी, पातळीच ३३०० ला लागते, म्हणजे तयार केलेली हार्ड लढाई आहे तशी ठेवली तर ती डेडलीच्याही वर जाते. राक्षस कमी करायचे, नाहीतर एक साइडकिक, म्हणजे सोबतीला मदतनीस कॅरेक्टर, द्यायचा, त्याचे सोपे नियम २०१९ च्या इसेन्शियल्स किटमध्ये आहेत.

एक्सपी न आलेल्याला द्यायचा का, यावर वाद कायम होतात. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये सर्वसाधारण रीत अशी दिलीये की जो लढाईत होता त्यालाच एक्सपी. पण जो आधीच कामामुळे कमी येतो तो त्यामुळे लेव्हलनेही मागे पडतो आणि मग आल्यावरही त्याला करण्यासारखं कमी उरतं, म्हणून माइलस्टोनवर, म्हणजे गोष्टीतल्या महत्त्वाच्या टप्प्यावर, सगळ्यांची लेव्हल एकदम वाढवणं जास्त बरं.

गैरहजेरी धरूनच बनवलेले खेळ

आर्स मॅजिका, १९८७ चा, यात प्रत्येकाची एकापेक्षा जास्त कॅरेक्टर्स असतात आणि जादूगार आपल्या प्रयोगशाळेत महिनोन्महिने बसून राहतो हे नियमांतच आहे, खेळाडू आला नाही तर जादूगार काम करतोय, संपलं. ब्लेड्स इन द डार्क या २०१७ च्या खेळात टोळीचं स्वतःचं वेगळं शीट (माहितीचा कागद) असतं आणि एक मोहीम साधारण एका बैठकीत संपते, त्यामुळे आज कोण गेलं याने फारसं अडत नाही. गेम डिझायनर बेन रॉबिन्सने २००७ मध्ये आपल्या वेस्ट मार्चेस कॅम्पेनबद्दल लिहिलं, त्यात ठरलेला वार नाही, ठरलेली पार्टी नाही, दहा-चौदा खेळाडूंपैकी ज्यांना जमेल ते तारीख ठरवतात, रानात जातात आणि गावात परत येतात. मुंबईसाठी ही पद्धत अगदी योग्य आहे, ठाण्याकडचे चौघं एका रविवारी, बोरिवलीकडचे तिघं दुसऱ्या, आणि नकाशा सगळ्यांचा एकच.

बाकी ग्रुपचं

कोरम आधी ठरवावा, पाचात तीन आले तर खेळायचं. दोघंच आले तर वेगळा वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, किंवा त्या दोघांच्या भूतकाळातला एखादा प्रसंग खेळायचा. २०२० च्या लॉकडाऊननंतर डिस्कॉर्ड (ऑनलाइन बोलण्यासाठी) आणि रोल ट्वेंटी (ऑनलाइन खेळण्यासाठी) यांची सवय झाल्यामुळे एक जण फोनवरून जोडला जातो, पण टेबलाभोवतीचे चार आणि स्पीकरवरचा एक यात त्या एकाला अर्धं ऐकूच येत नाही, त्यापेक्षा पाऊस जोराचा असेल तर सगळ्यांनीच ऑनलाइन खेळावं. मागच्या वेळी काय झालं हे न आलेल्याला डीएमने नाही, दुसऱ्या खेळाडूने सांगावं, व्हॉइस नोटवर पाच मिनिटांत, आपल्या कॅरेक्टरच्या तोंडून सांगितलं तर अजून छान, कारण मग माहितीसोबत त्या कॅरेक्टरचं मतही कळतं.

कोणी सतत येत नसेल तर ते ग्रुपवर सगळ्यांसमोर न विचारता एकट्याला फोन करून विचारावं, महिन्यातून एकदाच जमतंय का, की वेळच चुकीची पडतेय. महिन्यातून एकदा जमणाऱ्याला येणारं-जाणारं कॅरेक्टर देता येतं, व्यापारी, हेर, दूत असं कोणीतरी, जे नसलं तरी कोणी शोधायला जात नाही. आणि एखादा कायमचाच बाहेर पडत असेल, पुण्याला बदली झाली, बाळ झालं, तर त्याचं कॅरेक्टर डीएमने पुढे एनपीसी (खेळाडूचं नसलेलं, डीएम चालवतो ते कॅरेक्टर) म्हणून वापरावं का, गावात स्थायिक करावं का, की लांबच्या प्रवासाला पाठवावं, हे त्यालाच विचारून ठरवावं आणि जमलं तर त्यासाठी एक शेवटचं छोटं सेशन ठेवावं, ऑनलाइन का होईना.